सांत आंतोनिओच्या दिवशी, बोर्गोमेराला

नीवेसने आधी सूटकेस खाली ढकलली आणि मग स्वतः उतरली. सूटकेस पुठ्ठ्याची होती, दोरीने करकचून बांधलेली. ती उतरवायला हात लावणारा गार्ड वाकला.

"काय बाई, अख्खं घर उचलून आणलंत?"

"घर नाही, फक्त माझा वाटा," ती म्हणाली. गार्ड हसला, गाडी निघून गेली.

बोर्गोमेराला दोनच फलाट. एकावर सखल मुलखातली गाडी यायची, दुसऱ्यावर तोरीनोची. सामान उचलायचं, रूळ ओलांडायचे आणि पलीकडे बसायचं, एवढंच इथे लोकांना काम. नीवेस रूळ ओलांडून गेली आणि घड्याळाखाली सूटकेसवर बसली. ओत्तोरीनोने हीच जागा सांगितली होती.

गेल्या सप्टेंबरात द्राक्षतोडणीला दोघं एकाच मळ्यावर होती. ती सखल मुलखातली, तो वरच्या डोंगरातला. परतताना इथेच दोघांच्या वाटा फुटल्या.

"मी तोरीनोत काम बघतो, खोली बघतो," तो म्हणाला होता. "सांत आंतोनिओच्या दिवशी दुपारी इथे ये. सामान घेऊन आलीस तर मी समजेन, हो म्हणालीस. नाही आलीस तर बेल्जियमच्या खाणीत निघून जाईन. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"पत्र मात्र लिहू नकोस. बाबा फोडतात."

"पत्र कशाला? दिवस काय, भुर्रकन जातील."

भुर्रकन म्हणे! ते दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. धुणं धुताना, पीठ मळताना तो मनातून हलत नसे. इतका लांबचा दिवस का दिला या माणसाने, म्हणून ती कितीदा चिडली होती, आणि खोली मिळायला वेळ लागत असेल म्हणून कितीदा स्वतःची समजूत घातली होती. आज सकाळी गावात सांत आंतोनिओच्या सणाची मिरवणूक निघाली. सगळे तिकडे धावले आणि ती मागच्या दाराने सटकली. आता घरी परतायची सोय उरली नव्हती, आणि तिला ती नकोही होती.

तोरीनोची गाडी आली. एक पाद्री उतरला, एक सैनिक उतरला, कोंबड्यांची पाटी घेतलेली एक बाई उतरली. मग तीच गाडी तोरीनोला परत निघाली. नीवेस जागची हलली नाही.

फलाटावरच्या कॉफीच्या दुकानातून झेलिंदा बाहेर आली. साठीची बाई, हात ॲप्रनला पुसत.

"पोरी, गाडी चुकली की चुकवलीस?"

"पुढच्या गाडीने जाईन, मावशी."

"पुढची चारला आहे. सावलीत तरी बस. जूनच्या उन्हात बसून गाडी लवकर येत नाही."

चारची आली. तिच्यातून कोणीच उतरलं नाही. नीवेसने सगळे डबे दोनदा पाहिले, मग तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. झेलिंदाने तिला हाताला धरून आत नेलं, पाण्याचा पेला पुढे ठेवला.

"कोण आहे तो मेला?"

"मेला नका म्हणू," नीवेस रडता रडता म्हणाली. "उंच आहे. डाव्या भुवईवर वण आहे. आजच्या दिवशी इथे येतो म्हणाला होता."

झेलिंदा खुर्ची ओढून बसली.

"भुवईवर वण? ओत्तोरीनो नाव का त्याचं?"

"तुम्ही ओळखता?"

"ओळखते म्हणजे, एक दिवसाची ओळख. त्या घड्याळाखाली सकाळपासून शेवटच्या गाडीपर्यंत बसला होता. हातात तोरीनोची दोन तिकिटं. आत ये म्हटलं तर म्हणे, ती उतरली आणि मी दिसलो नाही तर? शेवटी मीच गरम वाइन नेऊन दिली. जाताना म्हणाला, तिचं उत्तर मिळालं, आता बेल्जियम."

"कधी आला होता?" नीवेस उठून उभी राहिली. "काल? परवा?"

"काल कुठला! सांत आंतोनिओच्या दिवशी."

"पण मावशी, सांत आंतोनिओ तर आज आहे."

"आज तुमच्या खालच्या लोकांचा संत, पादोवाचा, हातात लिलीचं फूल धरणारा," झेलिंदा म्हणाली. "आम्हा डोंगरातल्यांचा सांत आंतोनिओ तो दाढीवाला, गुरांचा आणि डुकरांचा. तो जानेवारीत असतो. गुडघाभर बर्फ होता गं त्या दिवशी."