निर्धोक जामीन

सन १९७१च्या वैशाखात पेणच्या खाडीकाठच्या एका गावाचा बांध खचला, तेव्हा तो नव्याने बांधण्याचे काम गावाच्याच मजूर संस्थेने मागितले. ठेकेदाराने आपला जामीनदार स्वतः निवडावा, कचेरीने त्यात हस्तक्षेप करू नये, असा नियम होता. संस्थेचे वयोवृद्ध अध्यक्ष काळुराम यांनी तो दोन वेळा वाचून घेतला, आणि गावाची चाळीसही घरे आपापल्या भातशेतीसह जामीनदार म्हणून उभी राहिली.

कचेरीतल्या साहेबांनी कागद आदराने परत केले. "निवड तुमचीच, काळुरामदादा. पण जामिनाची जमीन निर्धोक हवी. तुमची सगळी शेतं याच बांधाच्या आड आहेत. बांध फुटला तर तीही बुडतील."

"म्हून तर आमी त्यो फुटू देनार नाय, साहेब!"

साहेबांनी नियमाचा कागद पुन्हा एकदा चाळला. "मला पटतं हो. पण नियमात तसं लिहिलेलं नाही."

मागे उभ्या असलेल्या धोंडुबाई म्हणाल्या, "चला, आता खाडीलाच इचारू, जामीन ऱ्हातंस का म्हून!"

कुणी हसले नाही. काम रोह्याच्या एका ठेकेदाराला मिळाले. त्याच्या जामीनदाराची जमीन दूर डोंगरावर होती.



भाद्रपदाच्या उधाणात नवा बांध वाहून गेला आणि चाळीसही घरांच्या पोटरीला आलेल्या भातात खारे पाणी शिरले. जामिनाची जमीन मात्र, नियमात म्हटल्याप्रमाणे, निर्धोक राहिली.