घाटाखालची हवा

छत्तीस कॅन, प्रत्येकात चाळीस लिटर दूध. टायर चार, पाचवा स्टेपनी. माणसं दोन: रुद्रप्पा आणि त्यांची पुतणी रोहिणी. समोर धारूरचा घाट. मे महिन्यात सकाळी नऊलाच डांबर तापलं होतं आणि रुद्रप्पा पिकअपच्या मागच्या टायरपाशी उकिडवे बसून हवा सोडायला टोपण काढत होते.

घाटाखाली थांबून हवा कमी करायची, ही रीत त्यांचीच. उन्हानं हवा फुगते, म्हणून. वीस वर्षांत दुधाच्या सगळ्या गाड्यांनी ती उचलली होती. तरीही या महिन्यात घाटात दोनदा त्यांचा टायर फुटला, दोनदा दूध नासलं. डेअरीनं कळवलं होतं, तिसऱ्यांदा नासलं तर ही लाइन दुसऱ्याला जाईल.

"काका, थांबा!" रोहिणीनं मीटर लावलं. पहाटे तिनं गाडीच्या दारावर कंपनीनं लावलेल्या पट्टीप्रमाणे गार टायरात पासष्ट हवा भरली होती. आता एकाहत्तर होती.

"बघ, सहा वाढली! फुटंल न्हाई तर काय?"

"तेवढी वाढणारच. पट्टीवरचा आकडा गार टायरचा हाय."

"बीएस्सी झालीस म्हणून मला टायर शिकवती का?"

कॅनच्या झाकणाची लोखंडी तार सोडून रोहिणीनं त्यांच्या हातात दिली.

"एकाच जागी वाकवा. वीसदा, भरभर. आता तिथं बोट लावा."

"अगं आई गं!" रुद्रप्पांनी बोट तोंडात घातलं.

"टायर उन्हानं एवढा तापत न्हाई, काका. वाकून तापतो. वजन लई, हवा कमी, की प्रत्येक फेऱ्याला असाच वाकतो."

रुद्रप्पांनी टोपण परत घट्ट बसवलं.

घाटात प्रत्येक वळणावर ते मागं कान देत होते. कॅनच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू आलं नाही. शेवटचं वळण संपलं तसा त्यांनी लांब हॉर्न वाजवला, रस्त्यावर कुणी नसताना.

डेअरीच्या दारात तपासनीस रामकिसन हसला. "रुद्रप्पा, आज टायर फुटायला सुट्टी का?"

"आधी दूध तपास. मग ही तार वाकव बे, तुला बी शिकवतो."

आम्लता ०.१५ टक्क्यांच्या वर गेली की कॅन परत, हा तिथला नियम. रामकिसननं एकेक कॅन तपासला. छत्तिसांत सगळ्यात जास्त निघाली ०.१४.