हुंकार

"आता कलम सात," सचिवबाई म्हणाल्या आणि उगाचच पाणी प्यायल्या.

वाचनालयाच्या बालविभागात, गुडघे हनुवटीला टेकतील अशा बुटक्या खुर्च्यांवर, बोलक्या पुस्तकांचे नियम ठरवणारी समिती बसली होती. अंध वाचकाला ध्वनिपुस्तकातलं हवं ते पान पटकन सापडावं, एवढ्यासाठी ही अकरा माणसं महिन्यातला एक रविवार घरच्यांची बोलणी खाऊन इथे घालवत. पगार नाही, मानधन नाही. चहासुद्धा ज्याने त्याने थर्मासमधून आणायचा. आज पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठरायचा होता आणि सहा कलमं बिनबोभाट पार पडली होती.

सातवं असं होतं: तिसऱ्या वर्षी नियमांची पहिली आवृत्ती बंद करावी.

ती लिहिली होती रेडिओकाकांनी. बायकोची नजर गेली त्या वर्षी, रेडिओदुरुस्तीचं दुकान सांभाळून, तिच्यासाठी. आता काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तिच्या माघारी एकटे. कानात यंत्र लावून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते समोरच बसले होते.

"का बंद करायची, तेही सांगा ना," ऑपरेटरताई म्हणाल्या. टेलिफोन खात्यात नोकरी, जन्मापासून अंध, आणि समितीत सगळ्यांत फटकळ. पण आज त्यांचाही सूर मऊ होता.

"प्रत्येक नव्या यंत्राला जुन्या आवृत्तीच्या नियमांनी बनलेली पुस्तकंही वाचावी लागतात. साधे फोन त्यातच धापा टाकतात. पुस्तक उघडायला दोन दोन मिनिटं लागतात. जुनी पुस्तकं आपण नव्या आवृत्तीत उतरवून देऊ. एकही हरवणार नाही." शेवटचं वाक्य सचिवबाई काकांकडे बघून, जरा मोठ्याने बोलल्या.

समितीत हात वर करायची पद्धत नव्हती. निम्म्या सभासदांना ते हात दिसणारच नव्हते. म्हणून ज्याला मान्य त्याने हुंकार द्यायचा. आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघून मत बदलू नये, म्हणून डोळसांनी तेवढा वेळ डोळे मिटायचे.

"मान्य असेल त्यांनी हुंकार द्या."

डोळे मिटले. कलम बरोबर आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण काकांच्या देखत त्यांच्या आवृत्तीला निरोप द्यायला कुणाचा घसा उघडेना. कुणीतरी खाकरलं, तेही अर्ध्यावरच गिळलं. गेलं कलम, सचिवबाईंना वाटलं. आणि खरं सांगायचं तर मनातून जरा बरंही वाटलं.

तेवढ्यात हुंकार आला. एकच. पण काय तो हुंकार! स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसालाच तो जमावा. कपाटाच्या काचा थरथरल्या.

त्यामागून दुसरा एकही आला नाही. ऑपरेटरताई पदराने डोळे टिपत होत्या.

"झालं का?" रेडिओकाकांनी डोळे उघडून विचारलं. कानातलं यंत्र चाचपत ते सगळ्यांकडे बघत होते. "मला तर काही ऐकू आलं नाही. पुरेसा मिळाला ना? का माझी भीड धरून बसलात सगळे?"

"छे हो काका," सचिवबाई म्हणाल्या. "भरपूर मिळाला."

"मग ठीक. मी आपला हळूच दिला होता."

सचिवबाईंनी मान खाली घालून इतिवृत्तात लिहिलं: कलम सात, एकमताने मंजूर.

त्यात खोटं काय होतं? मत एकच तर पडलं होतं.