टोपणातला बल्ब

वडील गेल्यापासून त्यांचा पितळी टॉर्च बंदच होता. यंदा आयुधपूजेला तो घराण्याच्या तलवारीशेजारी पेटता ठेवायचा म्हणून जयलक्ष्मीनं हेब्बाळच्या दुकानातून आणलेले जोरदार लिथियम सेल त्यात बसवले. बल्ब मात्र अप्पांच्या हातचा म्हणून जुनाच ठेवला. बटण दाबताच पांढराशुभ्र झोत पडला आणि बल्ब उडाला. “अय्यो, आई, अप्पांचा बल्ब!” तिला रडूच फुटलं. “होगलि बिडे, जाऊ दे,” म्हणत आईनं टॉर्चचं मागचं टोपण फिरवलं. आत स्प्रिंगमागे कापसात गुंडाळलेला दुसरा बल्ब होता. “हा त्यांनीच ठेवलाय. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला टॉर्च. ह्यांनी लग्नानंतर आठवड्यात एक सेल जास्तीचा जोडून बल्ब जाळला. तेव्हापासून जादा बल्ब टोपणात.” “तू रागावलीस?” “चार दिवस बोलले नाही.” आईनं बल्ब लेकीच्या तळहातावर ठेवला. “साधे सेल कुठेही मिळतील. अबोल्यात घालवलेले ते चार दिवस कुठल्या दुकानात मिळतात, सांग.”