शेवटची फट

हिराजीनं जन्मभर वर्सोव्याच्या होड्यांच्या फटींत डांबरात भिजवलेला काथ्या ठासला होता. ठासून झालं की आत दिवा लावायचा आणि बाहेरून बघायचं. कुठं उजेड दिसला तर तिथून पाणी शिरणार. आज तो स्वतःच्याच होडीतला काथ्या ओढून काढत होता. मुलानं, कृणालनं, ती अंधेरीतल्या एका नव्या बारला विकली होती, सजावटीसाठी. बारच्या मालकाला आत दिवे लावून फटीफटींतून उजेड हवा होता. "तूच भरलायस ना बाबा, तुलाच पटकन काढता येईल," कृणाल म्हणाला होता. संध्याकाळपर्यंत हिराजीची नखं फाटली आणि एकच फट उरली. "ती राहू दे," तो म्हणाला. "होडी पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा तुझ्या आयशीनं लग्नातलं लुगडं फाडून दिलं होतं. काथ्याबरोबर ते हाय त्यात. आता गळून दाखव, असं होडीला म्हणाली ती." "आई जाऊन किती वर्षं झाली. आता काय त्याची पूजा करू?" कृणालनं हुक घातला आणि ओढलं. डांबराखाली लुगड्याची चिंधी अजून हिरवी होती. हात बरबटले म्हणून त्यानं ते त्याच चिंधीला पुसले आणि ती काथ्याच्या ढिगात टाकली. होडी बघायला आलेल्या मालकानं आत दिवे लावले. होडी चहूबाजूंनी उजळली. हिराजी पुढं गेला, वाकला आणि त्या शेवटच्या फटीवर त्यानं तळवा दाबून धरला. "काका, हात काढा," मालक मोबाईल रोखून म्हणाला, "फोटोत येतोय."