लाल कोपरा

परक्या बंदरावरच्या तपासणीत नापास झालेली हळदीची पाकिटं लाल पट्ट्या लागून कारखान्यात परत आली. “काय लिहिलंय मालक?” पॅकिंगवालीनं विचारलं. “शिसं जास्त, पोटुशीला घातक म्हणे. त्यांचे नियम त्यांना लखलाभ! मावशी, पट्ट्या खरवडा, इथल्या दुकानांत खपवू.” “पण कुणाच्या लेकीबाळी...” “नोकरी नको झालीय का?” तिनं आठवडाभर नखांनी पट्ट्या खरवडल्या, काही पाकिटांचे लाल कोपरे निघालेच नाहीत. दोन महिन्यांनी लेकीला बाळंतपणासाठी आणायला ती तिच्या सासरी गेली. स्वयंपाकघरातल्या फळीवर लाल कोपऱ्याचं पाकीट होतं. “हे कुठून आणलंस?” “वाण्याकडून गं. तुझ्या कारखान्याची म्हणून हीच हळद घेते. सासूबाई हसतात, पण दोन महिने दुसरी घरात येऊच दिली नाही.” पोट सावरत लेकीनं पाकीट तिच्या नाकाशी धरलं. “वास घे, आई. अगदी तुझ्या हातांचा!”