अंबिका उर्फ

"पण अंबिका तर मयत आहे," तहसील कचेरीतले खिडकीमागचे साहेब म्हणाले आणि त्यांनी रेशनकार्ड संजनाकडे फिरवलं. नावावर लाल रेघ होती.

"ती आजी!" संजना म्हणाली. "आजीचं नाव अंबिका. आईचं पण अंबिका. आजी गेली. आई ही काय, उभी आहे!"

पुरावा म्हणून तिने आईला दंडाला धरून पुढे ओढलं. आई साहेबांकडे बघून हसली, तेसुद्धा चुकल्यासारखं.

"ह्यांचं नाव कार्डावर मंदा आहे. मंदा विठ्ठल पाष्टे."

"ते लग्नातलं."

"आणि शाळेच्या दाखल्यावर अंबिका धर्माजी घडशी."

"ते जन्मातलं!"

"एकाच घरात दोन अंबिका?"

"दोन चालत नव्हत्या म्हणून तर हिची मंदा केली ना, सर!"

एवढं सोपं गणित दहावीलासुद्धा नसतं, असं संजनाला वाटलं. सासूचं आणि सुनेचं नाव एकच निघालं, तर लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरं लिहायचं. झालं. पण सकाळपासून खिडक्या बदलत तेच तेच सांगून तिची जीभ वाळली होती.

हाटकेशच्या अंगणवाडीत मदतनीस घेणार होते. सातवी पास हवी आणि त्याच वस्तीत राहणारी हवी. सातवी पास होती अंबिका. हाटकेशला राहत होती मंदा. दोघी एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र आज संध्याकाळपर्यंत नेऊन दिलं नाही, तर जागा दुसरीला. मग आई पुन्हा गाळ्यात, स्टीलच्या डब्यांना पॉलिश मारत, नखांपर्यंत काळ्या बोटांनी.

बाहेरच्या टायपिस्टने बडवून दिलेला कागद साहेबांनी वाचायला घेतला. "मी, अंबिका उर्फ मंदा..."

उर्फ! हा शब्द संजनाला मघाशीच खटकला होता. उर्फ पेपरात असतं, पकडलेल्या गुंडांच्या नावात. पण टायपिस्ट म्हणाला होता, उर्फशिवाय सरकार ऐकत नाही.

"ठीक आहे. बाई, शपथेवर तुमचं नाव सांगा."

"अंबिका," संजना म्हणाली.

"तू नाही. त्या."

आईने संजनाकडे पाहिलं.

"आई, बोल ना."

"तूच सांग की," आई पुटपुटली. "तुझं मराठी चांगलंय."

"नाव सांगायचंय गं, निबंध नाही!"

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आंटी, जल्दी करो ना, इनका लंच हो जाएगा!" तारोडी गावच्या आयरिनमावशी सकाळपासून त्यांच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी आईच्या पाठीत बोट खुपसलं. "बोल गो बाय. नाव तुजाच हाय ना, का उसना आनलंस?"

रांग हसली. संजनाचे कान तापले. शाळेत भाषणाला उभी राहिली की आता तिचे पाय कापत नाहीत, आणि इथे आई तीन अक्षरांवर अडून बसली होती.

"काय चाललंय तुझं?" ती दात दाबून म्हणाली.

"सासूबाईंचं नाव आहे ते," आई तिच्या कानाशी म्हणाली. "मी घेत नाही."

"अगं, पण तुझंही आहे!"

"होतं."

नवरात्रात आरतीत ते नाव आलं की आई एकदम जोरजोरात टाळ्या वाजवते. इतकी वर्षं संजनाला वाटायचं, भक्ती.

"आजी नाहीये आता, आई."

"म्हणून काय तोंड सुटलं?"

साहेबांनी कागद बाजूला सारला. "हे बघा, शपथ दुसऱ्याच्या तोंडाने घेता येत नाही. घरी बसून ठरवा, कोण अंबिका, कोण मंदा. उद्या या. चला, पुढचे!"

"सर, उद्या नाही चालणार, प्लीज, आजच संध्याकाळी..."

"उद्या नको!"

हे मात्र आई बोलली होती. तिचं तिलाच ते अनपेक्षित असावं. तिने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि वर छताकडे हात जोडले, आधीच माफी मागून ठेवल्यासारखे. ओठ हलले.

"ऐकू नाही आलं."

"अंबिका."

"मोठ्याने, बाई. पंखा चालू आहे."

"अंबिका!"

दाराशी स्टुलावर पेंगणारा शिपाई दचकून उठला. रांगेत कुणी हसलं नाही.

"हां. इथे सही करा."

गॅसवाल्याच्या वहीत आई बघता बघता सही मारते, मं. वि. पाष्टे, अर्धी अक्षरं गिळून. आज ती कागदावर ओणवी झाली. जिभेचं टोक दातात धरलं. एकेक अक्षर सुटं, गोल, काना सरळ. संजनाने तिला असं लिहिताना कधी पाहिलंच नव्हतं. ती लिहीतच राहिली. मागून पुन्हा चुळबुळ सुरू झाली.

साहेबांनी कागद ओढून घेतला आणि कपाळावर हात मारला. "अहो, एक मयत, एक उर्फ. आता ही कुमारी कोण आणलीत मध्येच?"

संजनाने टाचा उंचावून खिडकीतून पाहिलं.

कु. अंबिका धर्माजी घडशी.

आई पेन हातात धरून अजून त्या अक्षरांकडेच बघत होती.

"मीच की," ती म्हणाली.

पंखा चालूच होता. साहेबांना स्पष्ट ऐकू आलं.